पुढे पंचवीस, मागे तेहतीस

माझ्या मामांना अख्खा रस्ता ‘अंगठेबहाद्दर’ म्हणायचा. नव्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याला सही येत नसणार. प्रत्यक्षात मामा पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे आणि शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की पंक्चरच्या खुणा करायच्या खडूनं त्यांच्याभोवती गोल काढायचे. मामींनी तो पेपर फडताळात अंथरला की डब्यांच्या बुडाला खडू लागायचा आणि मग घरात जे काही ऐकायला मिळायचं ते मी इथे लिहीत नाही.

नाव पडलं होतं ते वेगळ्याच कारणानं. टायरवर अंगठा दाबून मामा आतली हवा सांगायचे. पहिल्यांदा अंगठा, मग लाकडी दांड्यानं एक ठोका, आणि मग आकडा. अठ्ठावीस म्हणाले तर अठ्ठावीसच. शंकेखोर गिऱ्हाईक काट्यानं मोजायला लावायचं, आकडा बघून गप्प व्हायचं आणि पुढच्या खेपेला मित्राला घेऊन यायचं, गंमत दाखवायला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. उजव्या हाताला कॉम्प्रेसर, डाव्या हाताला पाण्याचा पसरट टब, त्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे. भिंतीवर जुने टायर आणि खिळ्याला अडकवलेला मोजायचा काटा, जो मामा फक्त दुसऱ्यांच्या समाधानासाठी काढत. आतल्या दारातून मामींच्या फोडणीचा वास आणि बाहेरून रबराच्या सोल्युशनचा, असे दोन वास उंबऱ्यावर भेटायचे. आजही कुठे पंक्चरच्या दुकानापाशी गाडी थांबवली की मला उगाचच भूक लागते.

घराचा एक नियम होता. कुणाचीही गाडी गावाबाहेर जायची असली की आधी तिला मामांचा अंगठा लागला पाहिजे. बावीस वर्षांची असताना पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला मी मोटरसायकलवरून निघाले, तेव्हा आई रडत होती, बाबा तिसऱ्यांदा विचारत होते की कागद घेतलेस का, आणि मामी डब्यावर डबा बांधत होत्या. मामा या कशातच नव्हते. ते माझ्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. एका हातात हवेची नळी, दुसऱ्या हाताचा अंगठा टायरवर. मग ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “पुढे पंचवीस, मागे तेहतीस. जा.”

एवढंच. आशीर्वाद नाही, सांभाळून नाही, पोचल्यावर फोन कर नाही. मला त्या वयात फार राग आला होता. सख्ख्या भाचीला निरोप द्यायचा आणि सांगायचं काय, तर हवा! पण घाटात पहिल्या वळणावर गाडी रस्त्याला चिकटून वळली तेव्हा डोळे भरून आले आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली.

माझी नोकरी वजनमापं तपासायची. तराजू, काटे, मापं. ज्याचा काटा खोटा त्याला नोटीस. मामांना या नोकरीचं भारी कौतुक. “आमची साहेबीण,” असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे, “कुणाचं तोळाभर चुकलेलं चालवून घेत नाही.”

पुढे बऱ्याच वर्षांनी मी गाडीला ते बिनतारी यंत्र बसवलं. दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हला झाकणाऐवजी एकेक सेन्सर आणि हँडलवर घड्याळाएवढा पडदा. चाक काही फेरे फिरलं की पडद्यावर दोन्ही टायरची हवा उमटते. कमी झाली तर लाल होऊन कोकलतं. फिरतीच्या नोकरीत मला त्याची गरज होती, पण मामांच्या दारात गाडी लावताना मला चोरी करून आल्यासारखं वाटत होतं.

मामांनी सेन्सर बघितला. काढला, हातात उलटासुलटा केला, परत लावला.

“हे काय बोलतं म्हणे?”

“हवा सांगतं. त्या पडद्याला.”

“तार?”

“तार नाही.”

“बरं.” त्यांनी अंगठा दाबला, दांडा ठोकला. “मागे एकोणतीस.”

पडदा बत्तीस म्हणत होता. मामांनी माझा चेहरा वाचला.

“किती म्हणतंय?”

“बत्तीस.”

“उन्हातून आलीस. टायर तापलाय. मी गार टायरची हवा सांगितली. चहा घे, गप्पा मार, मग बघ.”

दीड तास मी आत बसले. मामींनी दोनदा चहा दिला. नंतर गाडी सावलीत नुसती पुढेमागे ढकलली आणि पडद्यावर आकडा आला एकोणतीस. मामा बघायलासुद्धा आले नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या तरी टायरला चिकटले होते, पण शीळ घालत होते.

त्यांचा तो अंगठा मी इतकी वर्षं गृहीत धरला होता. त्यामुळे मामींनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं तेव्हा मला आधी समजलंच नाही.

“शर्टाची बटणं आता मी लावते ह्यांना,” मामी म्हणाल्या.

“का? काय झालं?”

“साखर. बोटं बधिर झालीत. गरम कपबशी उचलतात आणि भाजलेलं कळत नाही. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येईलच असं नाही.”

“आणि दुकान?”

“गिऱ्हाइकाची हवा काट्यानंच मोजतात आता. पाठ करून बसतात, लोकांना काटा दिसू नये म्हणून. तू काही बोलू नकोस हं. माझी शपथ आहे.”

मी बोलले नाही. पण त्या दिवशी निघताना मामा नेहमीसारखे माझ्या मागच्या चाकाशी बसले. गुडघे कुरकुरले. अंगठा लावला, नळी लावली, काढली. दांड्याचा ठोका दिला आणि कान लावून जरा जास्तच वेळ थांबले. काटा खिळ्यालाच होता.

“पुढे पंचवीस, मागे तेहतीस. जा.”

गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत पडदा जागा झाला. पुढे वीस. मागे चोवीस. लाल, आणि कोकलायला लागला.

कोपऱ्यावरून उजवीकडे हमरस्ता, डावीकडे पेट्रोल पंप. मागे वळून बघितलं तर मामा दारात उभे होते. मी वळेपर्यंत ते असेच उभे राहायचे. माया, असं मी समजायचे. आता परत जाऊन काय सांगणार? मी सरळ डावीकडे वळले, पंपावर हवा भरली आणि मागच्या रस्त्यानं निघून गेले. स्वतःच्या शहाणपणावर खूशही झाले. माणसाचं मन राखलं, गाडीही राखली.

पुढच्या दोन खेपांना तेच. अंगठा, आकडा, जा. कोपरा, लाल पडदा, डावीकडे. एकदा तर मागे एकोणीस होती. मी पंपावरच्या माणसाला म्हणायचे, “सावकाश गळती आहे बहुतेक.” तो व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडे शोधायचा आणि गोंधळायचा.

चौथ्या खेपेला मला उशीर झाला होता. बाजारातल्या सगळ्या काट्यांची तपासणी लागली होती आणि माझ्याशिवाय ती सुरू होणार नव्हती. कोपऱ्यावर पडदा म्हणाला, मागे तेवीस. डावीकडे बघितलं तर पंपावर ही मोठी रांग. म्हटलं, हमरस्त्यावर पुढे अकरा किलोमीटरवर दुसरा पंप आहे, तिथवर हळू जाऊ. आणि मी उजवीकडे वळले. मागे वळून बघितलं, तर मामांनी हात उंच केला होता. त्यांनी याआधी कधी हात केला नव्हता. मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. मामा मामींना मागे बसवून मामींच्या बहिणीकडे निघाले होते. वळणावर थोडी खडी होती. गाडीचं मागचं चाक हललं आणि दोघं पडले. मामांचा गुडघा सोलवटला होता. मामींचं मनगट मोडलं होतं.

मी गेले तेव्हा मामी आतल्या खोलीत प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून झोपल्या होत्या. मामा दुकानात बसले होते. कॉम्प्रेसर बंद. टबातलं पाणी हलत नव्हतं. मी मनात जुळवून आणलं होतं, खडीचा दोष, रस्त्याचा दोष, नशीब की थोडक्यात निभावलं. मामांनी मला बोलूच दिलं नाही.

“त्या दिवशी उजवीकडे वळलीस.”

“हो.”

“मागे किती होती?”

तेव्हा कळलं ते दारात का उभे राहायचे ते. माया होती, नाही असं नाही. पण ते कोपरा बघत होते. पडद्यावर आकडा कोपऱ्याशी उमटतो, हे त्यांना यंत्र बसवून मी आले त्या पहिल्या खेपेपासून माहीत होतं. मी उजवीकडे वळले तर अंगठा अजून शाबूत. डावीकडे वळले, तर गेला. घरातल्या बाकी कुणाच्या गाडीला ते यंत्र नव्हतं, म्हणून बाकीच्यांची हवा ते काट्यानं मोजत होते आणि परीक्षा फक्त माझ्या गाडीवर देत होते. आणि मी समजत होते की मी त्यांच्यापासून लपवतेय.

“सांग ना, किती?”

“तेवीस.”

मामांनी स्वतःचा अंगठा बोटांवर घासून बघितला.

“तीनदा डावीकडे गेलीस. मी मनाशी म्हटलं, संपलं. ठीक आहे. साठीला आलेल्या माणसाचं काहीतरी संपणारच. चौथ्यांदा उजवीकडे गेलीस आणि मी आत येऊन हिला म्हणालो, आला गं, परत आला माझा अंगठा. दोन दिवसांनी माझ्या गाडीची हवा मी अंगठ्यानं भरली. काट्याला हात लावला नाही. हिला म्हटलं, बस मागे.”

“मामा, मला उशीर झाला होता. पंपावर रांग...”

“लोकांना नोटिसा देतेस ना तू? खोट्या काट्याच्या?”

मला कुणी आयुष्यात इतकं लागेल असं बोललेलं नाही, आणि ते आवाज न चढवता बोलले होते. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, पस्तिशीच्या बाईनं पंक्चरच्या दुकानात. गिऱ्हाईक आलं, बघितलं आणि गाडी ढकलत तसंच निघून गेलं.

“पुरे,” मामा म्हणाले. “निम्मी चूक माझी. सरळ तोंडानं विचारायचं सोडून कोपऱ्यावर डोळा लावून बसलो. तुला सांगायची लाज, मला विचारायची लाज, आणि हात मोडला त्या बिचारीचा.”

आतून आवाज आला, “बिचारी जागी आहे. कुणीतरी चहा टाका. मला येत नाही टाकता.”

चहा मामांनी टाकला. साखर विसरले, त्यावरून तिघंही हसलो.

त्यानंतर निरोपाची रीत बदलली. मामा माझ्या मागच्या चाकाशी बसायचे, अंगठा दाबायचे, आणि काहीच न सांगता विचारायचे, “किती?” मी गाडी दारातच पुढेमागे ढकलायची, पडदा जागा होईपर्यंत, आणि जो आकडा असेल तो सांगायचा. “सव्वीस.” ते नळी लावायचे. “आता?” “एकतीस.” “आता?” “तेहतीस.” मग ते अंगठा तसाच टायरवर ठेवून थोडा वेळ बसून राहायचे. एकदा मी विचारलं, काही कळतं का.

“काही नाही. भिंतीला हात लावल्यासारखं,” ते म्हणाले. “पण तेहतीस आहे ना? झालं तर मग. जा.”

त्यांच्या गाडीलाही मी तसलाच संच आणला. सेन्सर त्यांनी स्वतः बसवले, मामींनी टोपण धरलं. दुकान आणखी चार वर्षं चाललं, काटा सर्वांच्या समोर धरून. ज्यांना गंमत बघायची असायची त्यांना मामा सांगायचे, “अंगठा निवृत्त झाला. आता मी फक्त बहाद्दर.”

मामा जाऊन दोन वर्षं झाली. खोलीत आता कॉम्प्रेसर नाही, टबात मामींनी पुदिना लावलाय. त्याला अजून रबराचा वास येतो असं माझं म्हणणं, आणि मामींचं म्हणणं की मला वेड लागलंय.

मागच्या महिन्यात मी मुक्कामाला होते. निघताना गाडीवर बसले. हवा पंपावरून भरूनच आले होते, सगळं ठीक होतं, तरी मला किल्ली फिरवावीशी वाटेना. कशाची वाट बघतेय ते मला माहीत होतं आणि ते आता येणार नाही हेही. मामी दारात उभ्या होत्या. उंबरा उतरून आल्या, कमरेला हात देऊन मागच्या चाकाशी कशाबशा वाकल्या. जरा वाकडं जुळलेल्या मनगटाच्या त्या हाताचा अंगठा त्यांनी टायरवर दाबला. त्यांना टायरमधलं ओ की ठो कळत नाही.

“किती?” त्यांनी विचारलं.

मी गाडी पुढे ढकलली, मागे घेतली. पडदा जागा झाला.

“तेहतीस.”

मामींनी हात पदराला पुसला.

“जा,” त्या म्हणाल्या, आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.