अण्णांचं वजन, माझं वजन

डॉक्टरांनी टेबलावर तीन रिपोर्ट ठेवले होते. केबिनमध्ये मी एकटाच होतो. आई वॉर्डात अण्णांजवळ बसली होती. घरात इंग्रजी रिपोर्ट वाचणारा मीच, त्यामुळे आत जायचं काम माझ्याकडे आलं होतं.

पहिला रिपोर्ट अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यात क्रिएटिनिन फार वाढलेलं होतं. किडनीने बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय, हे त्या आकड्यावरून कळतं. डॉक्टर म्हणाले की हे ‘एंड स्टेज’ आहे. दोन्ही किडन्या आता पुन्हा काम करणार नाहीत. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावं लागेल, म्हणजे मशीनमधून रक्त गाळून घ्यावं लागेल.

घरातल्या कुणाची किडनी त्यांना बसवता येईल का, हे बघायला आम्हा दोघांच्याही तपासण्या केल्या होत्या. दुसरा रिपोर्ट आईचा. तिला शुगर निघाली, म्हणून तिची किडनी चालणार नव्हती.

तिसरा माझा. रक्तगट जुळत होता आणि किडन्या चांगल्या होत्या. पण वजन एकशे चार किलो. उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा बीएमआय नावाचा आकडा असतो. माझा तो देणाऱ्यासाठी ठरलेल्या मर्यादेच्या बराच वर होता. डॉक्टर म्हणाले, “पंच्याऐंशीच्या आत ये, मग पुढच्या तपासण्या करू. ही पहिली पायरी आहे.”

मी वॉर्डात जाऊन आईला आणि अण्णांना सांगितलं, “माझं वजन कमी झालं की अण्णांना किडनी बसणार.” पुढच्या तपासण्यांचं मी काही बोललो नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. मला ते ऐकूच आलं नव्हतं, असं आज वाटतं.

मी कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अण्णांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं माग चालवले. त्यांचं बीपी कधी वाढलं आणि त्याने किडन्या कधी खाल्ल्या, कुणाला कळलं नाही. पायाला सूज यायची. दिवसभर उभं राहून येत असेल, असंच आम्ही समजत होतो.

डायलिसिस सेंटरच्या दारातच वजनकाटा आहे. पेशंटने आत जाताना त्यावर उभं राहायचं आणि बाहेर पडताना पुन्हा. लघवी होत नसल्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. तेवढंच वजन वाढतं आणि मशीन ते काढून घेतं. जादा पाणी नसताना जे वजन असतं त्याला ‘ड्राय वेट’ म्हणतात. अण्णांचं ड्राय वेट बावन्न किलो ठरलं. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन-सव्वादोन किलोच्या वर वाढ नको, म्हणून चहा धरून दिवसाला एक लिटरच पाणी. सोलापूरच्या उन्हाळ्यात. अण्णा तोंडात बर्फाचा एक खडा धरून बसायचे आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत.

पहिल्याच आठवड्यात ते काट्यावरून उतरले आणि मला म्हणाले, “मल्लू, तू बी चढ की.”

मला लाज वाटली. रांगेत माणसं होती. तरी चढलो. घरी आल्यावर अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात वर लाल पेनने त्यांचा आकडा लिहायला लावला आणि खाली निळ्याने माझा. तेव्हापासून तेच चाललं. ते चार तास मशीनवर असायचे, मी दवाखान्याच्या कंपाउंडला फेऱ्या मारायचो. आधी सहा फेऱ्यांतच दम लागायचा. पुढे चाळीस जमायला लागल्या.

अण्णांच्या खात्यातले लोक मला लहानपणापासून बीम म्हणायचे. मागाच्या मागच्या बाजूला ताण्याचं सूत गुंडाळलेला जो जाडजूड रूळ असतो, तो बीम. कापड विणलं जाईल तसा तो बारीक होत जातो. मी शहाण्णववर आलो तेव्हा अण्णा शेजारच्या बेडवरच्या माणसाला म्हणाले, “आमचा बीम उतरायला लागला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पन तू म्हैन्यात तीन किलो उतरवतोस. मी चार तासांत अडीच. आता सांग, पैलवान कोन?”

मी हसलो. त्या दिवसांत आम्ही खरंच हसायचो.

नव्वदवर आल्यावर काटा थांबला. नंतर उलटा फिरला. तीन आठवड्यांत मी ब्याण्णव झालो. आहारतज्ज्ञ मॅडमनी तेल बंद करायला सांगितलं होतं आणि आईने ते शब्दशः पाळलं होतं. भाजीला फोडणीच नव्हती. मॅडम विचारायच्या, तेल किती? मी म्हणायचो, अजिबात नाही. शेवटी त्या म्हणाल्या, उद्या जेवणाचा डबाच घेऊन ये.

डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, उकडलेली मेथी आणि शेंगाचटणी होती. फोडणी नसलेली भाजी माझ्या घशाखाली उतरत नाही म्हणून आई रोज चटणी कुटायची. अण्णांना शेंगदाणे बंद झाले होते, कारण त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकायला किडनी लागते. मग त्यांच्या वाटणीची चटणीही माझ्याच डब्यात यायची.

मॅडमनी चमचाभर चटणी कागदावर ठेवली आणि दुसऱ्या कागदाने दाबली. डाग पसरत गेला. कागदाच्या आरपार टेबल दिसायला लागलं.

आई माझ्याबरोबर आली होती. ती मॅडमना म्हणाली, “तेल घातलंच न्हाय की मी. नुसतं कुटलंय.”

मॅडमनी समजावलं, शेंगदाण्यात मुळातच निम्मं तेल असतं, आपण जितकं कुटतो तितकं ते बाहेर येतं. आईला काय हे माहीत नव्हतं? चटणी तेलावर आली की नाही हे बघूनच आमच्याकडे कुटणं थांबवतात. पण ते तेल ‘बंद करायच्या तेला’त येतं, असं तिच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर विज्ञान शिकतो.

परत येताना रिक्षात मी आईला म्हणालो, “तुझ्यामुळं अण्णांचे तीन आठवडे गेले.” घरी येऊन तिने खलबत्ता धुतला आणि माळ्यावर टाकला. या सगळ्या आजारपणात एखादी गोष्ट परत घेता आली असती, तर मी ते वाक्य घेतलं असतं.

चटणी बंद झाली आणि काटा पुन्हा खाली यायला लागला. नवव्या महिन्यात मी चौऱ्याऐंशी किलो आठशे भरलो. सेंटरमधल्या सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी कॅलेंडरवरच्या त्या आकड्याला स्वतः लाल पेनने गोल केला.

मग पुढच्या तपासण्या सुरू झाल्या. त्यात जीटीटी होती, म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट. उपाशीपोटी रक्त घेतात, ग्लुकोजचं गोड पाणी पाजतात आणि दोन तासांनी परत रक्त घेतात. शरीर साखर कशी हाताळतं ते त्यातून कळतं. मी ते पाणी प्यायलो आणि बाकावर अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलो. मला अजिबात भीती वाटत नव्हती.

डॉक्टरांनी तपासणी आणखी एकदा करायला लावली. मग मला आत बोलावलं. दोन्ही वेळा दोन तासांनंतरची साखर जास्त आली होती. त्याला प्रीडायबेटिस म्हणतात. मधुमेह अजून झालेला नाही, पण त्याच्या दारात उभं असल्यासारखं. आईला मधुमेह आहे आणि माझं वय एकवीस. पुढे तो झाला तर किडन्यांवरच येणार, आणि तेव्हा माझ्याकडे एकच असेल.

“तुझी किडनी आम्ही घेऊ शकत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तू केलेलं वाया गेलेलं नाही. वजन उतरवलं नसतंस तर हे याआधीच मधुमेहावर गेलं असतं.”

पहिल्या वाक्यापुढचं मला त्या दिवशी ऐकूच आलं नाही. अण्णांचं नाव मृत्यूनंतर दान होणाऱ्या किडनीच्या यादीत घातलं. नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

घरी मीच सांगितलं. नऊ महिन्यांपूर्वीचं माझंच वाक्य मला मागे घ्यावं लागलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. अण्णा म्हणाले, “बरं. जेवून घे.”

त्यानंतर मी चालणं सोडलं. परीक्षा आहे म्हणून सेंटरलाही जाईना, आईच जायची. कॉलेजच्या बाहेर वडापाव खायचो, दोन खाल्ले तरी तिसरा घ्यायचो. कुणासाठी थांबायचं, तेच कळत नव्हतं. कॅलेंडरचे चौकोन कोरे राहिले. आईला आकडे लिहायला जमायचं नाही आणि अण्णांनीही लिहिले नाहीत.

दोन-अडीच महिन्यांनी आईचा फोन आला. मी कॉलेजात होतो. अण्णांना श्वास घेता येत नव्हता. सेंटरला पोचलो तेव्हा त्यांना ऑक्सिजन लावून मशीनवर घेतलं होतं. सिस्टर चिडल्या होत्या. वजन साडेपाच किलो वाढलं होतं. पाणी फुप्फुसात गेलं होतं. तीन आठवडे त्यांची वाढ चारच्या वरच होती. सिस्टरनी दर वेळी सांगितलं होतं, ते ऐकून घ्यायचे आणि घरी जाऊन तांब्याने पाणी प्यायचे.

मी त्यांच्या बेडजवळ उभा राहिलो. दम जरा कमी झाल्यावर त्यांनी मास्क बाजूला केला.

“असं का केलंत, अण्णा?” मी विचारलं.

“तू कुटं काट्यावर चढत हुतास?” ते म्हणाले. “म्हनलं, संपलं आपलं दोघांचं.”

मला रडू आवरेना. मी म्हणालो, “माझी तुम्हाला बसणारच नाही ना आता.”

ते मशीनवरच्या रक्त फिरवणाऱ्या चाकाकडे बघायला लागले. मग म्हणाले, “मी घेनारच नव्हतो. पोराची किडनी कोन घेतंय? तुझ्या आईची शुगर बघितली तवाच ठरवलं. ह्याचं वजन उतरू द्यावं, तवर गप बसावं.”

ते खरं बोलत होते की मला बरं वाटावं म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. कॅलेंडरवरच्या त्या लाल गोलाचं मग काय, असं विचारावंसं वाटलं.

बाहेर जाताना मी काट्यावर चढलो. ब्याण्णव किलो. चटणीच्या वेळी होतो तिथेच परत.

तुमच्यापैकी कुणी असं उतरवलेलं वजन पुन्हा चढलेलं बघत असेल, तर त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. जिद्द वगैरे मला जमली नाही. अजूनही सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो की आता कशासाठी. तरी मी चालतो, कारण मी चाललो तर एक माणूस पाणी मोजून पितो. आणि मला जे होऊ घातलंय ते थांबवायला दुसरं कुणी येणार नाही, हेही हळूहळू पटतंय. आईची मी माफी मागितली. ती म्हणाली, “खलबत्ता खाली काढून दे, आलं-लसूण कुटायला लागतंय.”

यादीत अण्णांचा नंबर अजून आलेला नाही. दर वेळी मशीनवरून उठताना ते आधीपेक्षा जरा जास्त थकलेले असतात. मला ते दिसतं.

आज त्यांची वाढ दोन किलो शंभर होती. माझे चारशे ग्रॅम उतरले होते, म्हणजे एकोणनव्वद किलो सहाशे. घरी येऊन मी लाल पेन उघडलं, तर अण्णा खाटेवरून म्हणाले, “आदी तुझं लिही.”