मंगळवारची खुर्ची

माझा मामा सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. कुणाच्या घरी गेला की आधी खुर्ची दाबून बघतो, मग माणसाची विचारपूस करतो. त्याच्या मते माणूस बोलतो त्यापेक्षा बसतो ते जास्त खरं असतं.

मामीची खुर्ची खिडकीपाशी. मामी डावा पाय दुमडून बसायची, त्यामुळे खुर्चीची पुढची डावी स्प्रिंग वर्षातून दोनदा तरी जायची. ती बांधताना मामा दरवेळी म्हणायचा, पाय खाली सोडून बसलीस तर जग बुडणार नाही. मामी म्हणायची, बायकोची खुर्ची फुकटात करावी लागते म्हणून जीव जळतोय.

गेल्या वर्षी मामीची धाकटी बहीण गेली, आणि त्यानंतर मामीचा गुडघा धरला. पाय दुमडेना. कचेरीत नंबर लागायची वाट बघत बसावं तशी ती दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसू लागली. स्प्रिंग शाबूत राहिली. मामाला इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं होतं आणि ते त्याला मुळीच आवडलं नव्हतं. मामी दर मंगळवारी दुपारी गुडघ्याच्या व्यायामाला जाऊ लागली.

त्याच सुमारास मामाला थिएटरचं काम मिळालं. जुनं थिएटर, एकच पडदा, आणि त्यावर बरेच महिने एकच सिनेमा. त्यात बेकरीत काम करणाऱ्या चार बायका. अडचण आली की त्या मामीच्या तरुणपणातलं एखादं पॉप गाणं म्हणतात आणि अडचण जाते. नवरा पळतो, भट्टी विझते, आई आजारी पडते. प्रत्येकावर गाणं तयार. शेवटच्या गाण्याला प्रेक्षक बसल्या जागी उसळत आणि खुर्च्या मोडत. मामाच्या दृष्टीने सिनेमा उत्तम होता.

पण रांगेच्या टोकाची एक खुर्ची दर बुधवारी सकाळी मोडलेलीच सापडायची. मॅनेजर वैतागला. आणखी एकदा मोडली तर दारात उभा राहून धरणार, म्हणाला, आणि जो कोण असेल त्याला पुन्हा आत पाय ठेवू देणार नाही.

मामाने खुर्ची उलटी केली. पुढची डावी स्प्रिंग. वर कापडावर टाचेएवढा घासलेला डाग. त्या डागावर तो जरा वेळ हात ठेवून बसला. मग मॅनेजरला म्हणाला, लाकूड जुनं झालंय.

पुढच्या मंगळवारी तो दाराच्या पडद्याआड उभा राहिला. मामी पाय दुमडून बसली होती. शेवटचं गाणं लागलं तशी ती उसळायला आणि मोठ्याने गायला लागली. शेजारची खुर्ची रिकामी होती. मामी एक ओळ म्हणायची, पुढच्या ओळीला गप्प राहायची, की पुन्हा तिची ओळ. दोघी बहिणी हे गाणं असंच वाटून घ्यायच्या. मामाने ते कित्येकदा ऐकलं होतं आणि भिंतीला खिळा ठोकताना मध्ये गाऊ नका म्हणून दोघींना हाकलूनही दिलं होतं.

तो तिच्या आधी घरी आला. बघितलं असं सांगितलं तर ती पुन्हा जाणार नाही, एवढं तो तिला ओळखत होता. मॅनेजरने धरलं तरीही नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मॅनेजर यायच्या आत त्याने ती स्प्रिंग दुहेरी सुतळीने बांधली आणि खालून पट्टाही मारला. आता ती मामाच्या हयातीत मोडली नसती.

पुढच्या मंगळवारी मामी लंगडत घरी आली.

"व्यायामाची खुर्ची कुणीतरी बदललीय," ती म्हणाली. "नुसता दगड. पाय दुमडताच येत नाही."

"चांगल्या कारागिराने मजबूत केली असेल."

"असेल चांगला. स्वतः कधी बसलेला दिसत नाही कुठे."

बुधवारी सकाळी मामाने पट्टा काढला, सुतळी सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम कच्चं काम केलं. स्प्रिंग शेवटच्या गाण्यापर्यंत टिकेल आणि त्यात जाईल, असं. तेव्हापासून दर बुधवारी मॅनेजर यायच्या आत तो जाऊन ती पुन्हा तशीच बांधतो. दारावरच्या माणसाला तपासणी म्हणून सांगतो. खुर्ची एकदाची टिकली म्हणून मॅनेजर चार लोकांत त्याचं कौतुक करतो. मामा ते मान खाली घालून ऐकतो.

हे सगळं त्याने मला दुकानात सांगितलं, तोंडात खिळे धरून. सिनेमा कसा आहे, मी विचारलं. त्याने खिळे हातावर काढले.

"गाणी जुनी, गोष्ट नंतर जुळवलेली. आधी कापड होतं, मग त्याच्या मापाची खुर्ची केलीय. असं करू नये." एक खिळा ठोकला आणि म्हणाला, "पण बसायला बरी आहे."

मंगळवारी संध्याकाळी तो विचारतो, गुडघा कसा आहे. मामी म्हणते, सुटतोय. सिनेमा काही कायमचा चालणार नाही. मामाने खिडकीपाशीच्या खुर्चीची पुढची डावी स्प्रिंगही सैल करून ठेवली आहे.