चौथ्या ठोक्याला ‘पो’

आधी माझी चूक सांगतो, अनुभव नंतर. ती चूक केली नसती तर हा अनुभवही आला नसता, असं मला आता वाटतं.

एका म्हाताऱ्या बाईकडे तिच्या वडिलांची एकच खूण उरली होती. ती खूण खोटी आहे, असं मी तिला सांगितलं... तेही भरल्या घरात, सगळ्यांसमोर. आणि वर ती खूण स्वतःच्या पिशवीत घालून घरी आलो.

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या धाग्यावरचे अनुभव वाचून खाली खोचक प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांतला मी एक. जुन्या सभासदांना आठवत असेल.

माझा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. वय बावन्न. घरात कन्नड, बाहेर मराठी. छंद एकच — जुन्या, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या रेकॉर्डी, त्यातही १९३०च्या आसपासचे विलायती डान्स बँड. फॉक्सट्रॉट नाचाची गाणी. दोन-तीन सॅक्सोफोन, एक बँजो, तोंडाला टोपी लावलेला ट्रंपेट, आणि मध्येच एक गायक येतो, एखादं कडवं गातो आणि निघून जातो. लेबलवर बहुतेक वेळा त्याचं नावही नसतं. एकच बँड चार कंपन्यांसाठी चार नावांनी वाजवायचा. त्यामुळे हा बँड कुठला, गाणारा कोण, हे कानानं ओळखायचं. जिन्यात पावलं वाजली की घरातलं कोण वर येतंय ते कळतं ना, तसं. शंका असेल तर लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबर टॉर्चच्या उजेडात वाचायचा. तो नंबर खोटं बोलत नाही. आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी या ओळखण्यात तरबेज मानला जायचो. मलाही ते फार आवडायचं...

अंबादास माझ्याकडे मागांचा जॉबर आहे, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारा. सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू विणकर घराणं. एकदा तो म्हणाला, “मालक, तुमी जुन्या तबकड्या गोळा करता न्हवं? आमच्या आईकडं बी एक हाय की. आमच्या आजोबानं ड्रम वाजवलाय त्यात.”

मी हसलो असणार. पण नारळी पौर्णिमेला त्यानं जेवायला बोलावलं, तेव्हा चावीचा ग्रामोफोन सोबत घेऊन गेलो.

अंबादासची आई, नरसम्मा. वय ऐंशीच्या पुढं, अंगानं काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. तिचे वडील मिलमध्ये कामाला होते आणि स्टेशनजवळच्या रेल्वेवाल्यांच्या क्लबात साहेब लोकांचा डान्स असला की तिथं ड्रम वाजवायचे. ती लहान असतानाच ते गेले. त्यांचा एकही फोटो नाही. होती ती एवढी एक रेकॉर्ड, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली. लेबल इतकं झिजलेलं की ‘फॉक्सट्रॉट’ एवढा एकच शब्द वाचता येत होता.

मी ती लावली. काय सुरेख वाजली! सगळं घर गप्प होऊन ऐकत होतं. गाणं संपल्यावर मी टॉर्च काढला, नंबर वाचला आणि चेहरा गंभीर करून निकाल दिला.

“अम्मा, हा लंडनचा बँड आहे. गाणं तिथंच ध्वनिमुद्रित झालंय, इथं फक्त तबकडी छापलीय. तुमच्या वडिलांचा याच्याशी काही संबंध नाही.”

“तो म्हनायचा की. ह्ये मी हाय, म्हनायचा.”

“गमतीनं म्हणाले असतील. लहान पोरांना सांगतो ना आपण, तसं.”

शेजारी राहणारा नरसम्माचा भाचा मागून बोलला, “म्हंजी आजोबा लंडनला जाऊन आला, आन् कुनाला सांगितलाच न्हाय!”

सगळे हसले. मीही हसलो.

नरसम्मा हसली नाही. “असं व्हय...” एवढंच म्हणाली. रेकॉर्ड पुन्हा चादरीच्या तुकड्यात नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. “मग तुमीच ठिवा. आमचं काय न्हाय त्यात.”

आणि मी ती घेतली. नको म्हणालो नाही. कारण खरं सांगायचं तर त्या नंबरची चांगली प्रत मी कित्येक वर्षं शोधत होतो.

काही महिने गेले. एक दिवस मागाला तेल घालता घालता अंबादास सहज बोलावं तसं बोलला, “आई पडली बाथरूममधी. खुब्याचं हाड मोडलंय.” मी चौकशी केली. तो म्हणाला, “दवाखान्यात फॉर्म भरताना नर्सबाई इचारली, आजी, वडिलांचं नाव काय? तर आई म्हनली, म्हाईत न्हाय.”

“विसरल्या असतील...”

“इसरली न्हाय, मालक. आदी सारकं बाबा असा, बाबा तसा चालायचं. तुमी येऊन गेल्यापासनं नावच काढत न्हाय.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुरुस्तीसाठी लाईट बंद होती. माग बंद, कामगार घरी, सगळ्या शेडमध्ये शुकशुकाट. भर दुपार. मी वरच्या ऑफिसात बसलो होतो. बायको, सुनंदा, डबा घेऊन आली होती. ग्रुपवर या रेकॉर्डचा नमुना पाठवायचा राहिला होता, म्हणून ग्रामोफोनला चावी दिली, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सुई टेकवली. सुनंदा डबा सोडत होती.

गाण्यात शेवटच्या फेरीआधी सगळा बँड क्षणभर थांबतो. नुसती खरखर ऐकू येते, मग सगळे एकदम उसळून परत सुरू होतात. ती जागा मला पाठ होती.

बँड थांबला... आणि त्या रिकाम्या जागेत कुणीतरी मोजलं.

पुरुषाचा आवाज. मऊ, हसरा, जवळचा. पहिल्यांदा वाटलं कन्नड. पण आमचं ‘ओंदु’ नव्हतं, तेलुगू होतं... “ओकटी, रेंडू, मूडू...” आणि चौथ्या ठोक्याला एक छोटा, उडता शब्द — “पो!”

आणि बँड उसळला. पण आता त्याच्यामागं आणखी एक आवाज होता. खर्र-खट्, खर्र-खट्. ठेक्याच्या किंचित पुढं, जणू लंडनच्या त्या सगळ्या वादकांना हाताला धरून ओढत नेणारा. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेल. इतकं जिवंत कधीच ऐकलं नव्हतं. मंडळी, मला भीती नाही वाटली. हात आपोआप जोडले गेले, एवढंच सांगतो. देवळात पडदा बाजूला झाल्यावर जुळतात तसे.

“अहो,” सुनंदाचा हात डब्यावरच थांबला होता. तिचं माहेर पूर्व भागाला लागून, मैत्रिणी सगळ्या तेलुगू. “कोण मोजतंय हे? एक, दोन, तीन, जा... असं काय मोजतंय?”

मी तोवर तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

लगेच पुन्हा लावली. नुसता लंडनचा बँड. पुन्हा लावली. तेच. मग मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात गाणं आहे, डब्याचा आवाज आहे, सुनंदाचं “कोण मोजतंय हे?” अगदी स्पष्ट आहे. पण मोजणारा नाही. त्या जागी फक्त खरखर. एका मित्राकडून त्याच नंबरच्या दुसऱ्या प्रतीचं ध्वनिमुद्रण मागवलं. त्यातही काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेकॉर्ड आणि ग्रामोफोन घेऊन मी नरसम्माच्या घरी गेलो. काय ऐकलं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, अंबादासलाही नाही. सुनंदालाही गप्प राहायला सांगितलं होतं.

ती कॉटवर पडून होती. चादरीचा तुकडा ओळखला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. “कशाला आनलाव? आमचं न्हाय त्ये.”

“एकदा ऐका, अम्मा. मग परत नेतो.”

“ऐकलंय की जलमभर.”

मी तरीही लावली. कान टवकारून बसलो... सॅक्सोफोन, बँजो, तो बिननावाचा गायक. बाकी काही नाही. शेवटची फेरी जवळ आली. बँड थांबला. खरखर.

आणि भिंतीकडं तोंड केलेली नरसम्मा, डोळे मिटून, अगदी हळू म्हणाली, “ओकटी... रेंडू... मूडू... पो!”

गाणं संपलं, सुई आतल्या पट्टीवर घासत राहिली, ती उचलायचंही मला सुचलं नाही.

“अम्मा... चारला ‘पो’ का?”

“बाबा तसंच म्हनायचा. चार कदी म्हनलाच न्हाय. पो म्हनला की मी नाचायची.” ती जराशी वळली. “बिस्किटाचा डबा उलटा घ्यायचा मांडीवर. आन् खळ लावायचे दोन बारके कुंचे. आयतवारी ही तबकडी लावायची आन् तिच्यासंगं वाजवायचा. खर्र-खट्, खर्र-खट्... म्हनायचा, बघ नरसी, ह्ये मी हाय.”

कुंचे, म्हणजे सुताला खळ लावायचे राठ ब्रश. माझ्या धंद्यातली वस्तू, आणि मला तो आवाज ओळखता आला नव्हता.

म्हणजे तिचं म्हणणं खोटं नव्हतंच. तिच्या कानात ही रेकॉर्ड वडिलांच्या ठेक्याशिवाय कधी वाजलीच नव्हती. त्या दिवशी मी नंबर वाचला, पण ‘अम्मा, ते कसे वाजवायचे?’ एवढं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

तिला असं का वाटायचं, एवढ्याचा उलगडा यातून होतो. पण मला आणि सुनंदाला आदल्या दुपारी ऑफिसात काय ऐकू आलं, त्याचा होत नाही. चारच्या जागी ‘पो’ हे आम्हा दोघांना कुठून कळलं? कुणी म्हणेल, अंबादासच्या तोंडून कधी ऐकलं असेल. मी त्याला नंतर विचारलं. आजोबांचं ते मोजणं त्यालाही माहीत नव्हतं. ग्रुपवर विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहितोय. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. आता ते असावं असा हट्टही नाही.

नरसम्माच्या कॉटशेजारूनच मी अंबादासला फोन करून बोलावून घेतलं. सूनबाईंना आतून बोलावलं. शेजारचा तो भाचाही आला. सगळे जमल्यावर कॉटशेजारी खाली बसलो आणि रेकॉर्ड नरसम्माच्या उशाशी ठेवली.

“त्या दिवशी तुमच्या सगळ्यांसमोर मी जे बोललो ते चुकीचं होतं,” मी म्हणालो. “अम्मांचे वडील या रेकॉर्डमध्ये आहेत. मी ऐकलेत. माझ्या बायकोनं ऐकलेत.”

भाचा हसला नाही. नरसम्मा माझ्याकडं टक लावून बघत होती.

माफी तिच्या भाषेत मागायची म्हणून सुनंदाकडून दोन शब्द पाठ करून आलो होतो. त्यातला चुकीसाठीचा शब्द आमच्या कन्नडमध्येही तोच आहे, त्यामुळे तो तोंडात आला तेव्हा पाठ केलेला वाटला नाही. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, “तप्पु नादी, अम्मा. चूक माझी आहे.”