रिकामा कॅच ब्लॉक आणि ओलं गोणपाट

मित्रांनो, आज सकाळी टेंभुर्णीचे एक काका आमच्या बियाणे कंपनीत ओलं गोणपाट घेऊन आले. पेरणीआधी त्यांनी सोयाबीनचे शंभर दाणे त्यात गुंडाळून ठेवले होते. उगवले बेचाळीस. पिशवीच्या लेबलावर उगवण ब्याऐंशी टक्के छापलेली.

"काका, लेबल कम्प्युटरवरून निघतं," मी म्हणालो.

"असंल बराबर. पण गोणपाट खोटं बोलत न्हाई."

लेबल माझा जावा प्रोग्राम छापतो. दुपारी कोड उघडला. त्या लॉटचा, म्हणजे बियाण्याच्या त्या खेपेचा, उगवणीचा आकडा वाचताना एरर आली होती, पण ती पकडणारा कॅच ब्लॉक मी रिकामाच ठेवला होता. प्रोग्राम गप्प राहिला आणि आधीच्या लॉटचा आकडा छापत गेला. आता तिथे एरर नोंदवून छपाई थांबवली आहे. मुद्दाम चुकीचा आकडा देणारी टेस्टही लिहिली.

माझे वडीलही असंच गोणपाट भिजवायचे. दाणे मी मोजायचो.

त्या लॉटची विक्री थांबवायला दुकानदारांना फोन केले. बऱ्याच पिशव्या विकल्या गेल्यात. किती जणांनी पेरलं, माहीत नाही. संध्याकाळी देवापुढे बसलो, काय मागावं ते सुचलं नाही.

तुमच्या कोडमध्ये असा रिकामा कॅच ब्लॉक आहे का? आज उघडून बघाल?