आधी त्रिकोण काढायचा

मुलीच्या वहीतलं बरोबर उत्तर मी लाल पेनाने खोडलं होतं. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. दुहेरी इंटिग्रलमध्ये एक्स आणि वायचा क्रम बदलताना तिने मर्यादाही बदलल्या होत्या. “मर्यादा त्याच राहतात गं, उगाच डोकं चालवू नकोस,” मी ठणकावलं. परीक्षेत तिने माझं ऐकलं आणि दोन मार्कांनी नापास होऊन त्या विषयाची केटी लागली. त्यानंतर तिने माझ्यापुढे वही आणली नाही.

यंदा विक्रोळीची नोकरी सांभाळून मीच गणिताच्या पदवीला नाव घातलं. रविवारच्या वर्गात बाईंनी फळ्यावर त्रिकोण काढला, आधी आडव्या रेघांनी भरला, मग उभ्या. रेघा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, ते दर वेळी वेगळं होतं. म्हणजे मर्यादा बदलतातच. आता असली गणितं मी बेधडक सोडवतो, पण त्या दिवशी मुलीच्या वहीत मी खोडलेलं उत्तर आठवलं.

घरी येऊन मी तेच जुनं गणित सोडवून तिच्यापुढे ठेवलं.

“बाबा, हे तर माझंच उत्तर!”

“हो. तू बरोबर होतीस. चूक माझी होती आणि भोगलीस तू. मला माफ कर.”