ओल्या रंगावरचे नट

ऑइलपेंटचा वास आला की मला आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवसाची ती सकाळ आठवते. पूजेसाठी मामांनी होडीच्या ट्रेलरची चाकं काढून लालभडक रंगवली होती, आणि तीच होडी ओढत आम्ही सोसले गावाला नदीवर निघालो होतो. शहरातलं आमचं सरस्वतीपुरम मागे पडलं तशी आईने जीप थांबवली. “अय्यो, सुम्ने उगाच कशाला थांबलीस? काल पूजा केली की!” मामा म्हणाले. “नटांखालचा रंग ओला आहे, दादा. तो दबला की नट सैल होतात. होडी रस्त्यावर बुडवायची आहे का?” नव्या साडीचा पदर खोचून ती पाना घेऊन चाकाशी बसली. एकेक नट खरोखरच फिरला. दुसऱ्या चाकाला मामांनीच पाना लावला. परवा चाकं रंगवून निघाल्यावर माझ्या लेकीने तशीच गाडी थांबवली. मी पाना पुढे केला.