आत्याने बाबांना नापास केलं तेव्हा

आमची आत्या सरकारमान्य वीज-तपासनीस. परवाना तेवीस वर्षांचा, जिभेची धार त्याहून जुनी. एकदा नणंदेच्या नव्या घरी जेवायला गेली, तर अर्थिंग नाही म्हणून भरल्या ताटावरून उठून मेन स्विच बंद करून आली.

माझ्या बेकरीचं वायरिंग बाबांनी केलं. चाळीस वर्षं वायरमन, पण वर्षभरापासून हात थरथरतात. 'हे माझं शेवटचं काम' म्हणत त्यांनी दुसऱ्या कोणाला शिवू दिलं नाही. उद्घाटन परवावर आलेलं आणि आत्याच्या दाखल्याशिवाय वीज मिळणार नव्हती.

"प्लग काढा, बल्ब काढा, मधे कडमडू नका," असं फर्मान सोडून आत्याने मेगर लावला. तारेचं आवरण कुठे कच्चं असलं की हा डबा लगेच चुगली करतो. दुकानाचा भाग झकास निघाला. भट्टीच्या खोलीत मात्र काटा शून्यावर लोळत पडला.

"परत बघ, ताई," बाबा म्हणाले.

"तीनदा बघितलं. नापास."

बाबा स्टुलावर बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "संपलं म्हणजे."

"आत्या, सही कर ना, मागाहून दुरुस्त करू," मी म्हटलं. तिने असं बघितलं की मी मैद्याच्या पोत्यामागे सरकले.

पण ती जायचंही नाव घेईना. बाह्या सरसावून एकेक बोर्ड उघडत सुटली. आतले जोड इतके नेटके, की तीच पुटपुटायला लागली, "यात दोष असेलच कसा?" शेवटी कपाटामागे डोकावली आणि मटकन खाली बसली. तिथे प्लगमध्ये माशा मारायचं यंत्र होतं. सकाळी आल्या आल्या, मला भेट म्हणून, तिनेच खोचलेलं! मेगर तारांऐवजी त्या यंत्रालाच मोजत होता.

यंत्र उपटलं आणि काटा थेट टोकाला गेला. "हात शाबूत आहेत रे तुझे! माझंच डोकं ठिकाणावर नाही," म्हणत आत्याने बाबांना धरून खोलीभर गरागरा फिरवलं. हसून हसून आम्हा तिघांची मुरकुंडी वळली. मला इतका आनंद उद्घाटनाच्या दिवशीही झाला नाही.

बाबा धापा टाकत म्हणाले, "मी खरंच चुकलो असतो, तर नापासच ठेवलं असतंस ना?"

"शंका आहे का?"

"छे. म्हणून तर तुलाच बोलावलं."

आत्याने सहीसाठी पेन काढलं, आणि आधी डोळे पुसले.